चोरीला गेलेले बारा दिवस

१

सकाळी साडेआठ वाजता कोमलनं संगणक सुरू केला आणि आपले बारा दिवस चोरीला गेलेत हे तिला कळलं.

चोरी म्हटली की निदान तुटलेलं कुलूप असतं, नाहीतर शेजारणीला कुत्रं भुंकल्याचं तरी आठवतं. इथं तसलं काही नव्हतं. सोयाबीनची पोती जागेवर होती, मायचा पैशांचा डबा जागेवर होता. संगणकही टेबलावरच होता. फक्त त्याच्या पडद्याची मान खाली झुकली होती आणि माऊस वायरीच्या टोकाला टेबलाखाली लोंबत होता. मांजर चढलं असेल, असं म्हणून कोमलनं पडदा सरळ केला आणि बटण दाबलं. एरवी तो सुरू होताना नाजूक वाजायचा. आज असा दणकून वाजला की ओसरीत बाजेवर पडलेला आजा दचकला. तिनं घाईनं स्पीकर बारीक केला आणि आपली ‘आतली मशीन’ उघडली.

या आतल्या मशीनचं आधी सांगायला हवं. कोमलच्या कोर्सची शेवटची परीक्षा अशी, की घरच्या संगणकाच्या पोटात दुसरा संगणक उभा करायचा. खरा नव्हे, आभासी. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. वाशिमच्या एका बंद पडलेल्या नेट कॅफेतून आणलेल्या त्या जुन्या डब्याला ते झेपेना. तीन दिवस डोकं फोडल्यावर तिला कळलं, की संगणक सुरू होतानाच एक कळ दाबून तळाच्या यादीत जायचं आणि तिथं आभासी मशीनची परवानगी चालू करायची असते. मग मेमरीची दुसरी पट्टी बसवली. मग लिनक्स नावाच्या प्रणालीची भलीमोठी फाईल उतरवायला ती दोन दिवस टेकाडावर रेंजमध्ये फोन धरून बसली. दोन ऑक्टोबरला एकदाची पडद्यातल्या चौकटीत दुसरी मशीन जागी झाली. मायला तिनं समजावलं, “घरात घर बांधलंय. आतलं जळालं तरी भाईरच्याला धग लागत न्हाई.” माय म्हणाली, “मंग आतलं जाळायचंच काहून?”

त्या मशीनची एक सोय होती. एखाद्या दिवशी खूण मारून ठेवली, की पुढं कधीही ती त्या दिवशी होती तशी करता येते; मधलं सगळं पुसलं जातं. कोमलनं दोन, आठ आणि बारा ऑक्टोबरला खुणा मारल्या. मग डिस्क भरत आली आणि तिनं खुणा थांबवून नुसतं काम चालू ठेवलं. मेंढपाळानं मेंढीचं नाव घेतलं, की तिचं वय, लस, कोकरं पडद्यावर यावीत, असं ते काम होतं. ‘कळपाची हजेरी’ असं तिनं त्याला नाव दिलं होतं.

आज चोवीस ऑक्टोबर होता. आतल्या मशीनचं घड्याळ मात्र बारा ऑक्टोबर, संध्याकाळचे सात छत्तीस दाखवत होतं. बारा तारखेनंतरची एकही ओळ शिल्लक नव्हती.

संध्याकाळी पाचला कोर्सचे सर ऑनलाइन येऊन मशीन तपासणार होते. पास झाली तर संभाजीनगरला नोकरी. नापास झाली तर वारंगा फाट्याच्या स्थळाला होकार. हे सगळ्यांसमोर ठरलं होतं आणि ठरलेलं मोडायची त्या घरात रीत नव्हती. कोमलनं तीनदा मशीन बंद करून उघडली. मग ती तिथंच जमिनीवर बसली आणि तोंडात ओढणी कोंबून रडली.

२

सरांना फोन लावला तर ते थंडपणे म्हणाले, “पुसलं गेलं, उडालं, हे दरवर्षी दहा जण सांगतात. कोणी मुद्दाम पुसलं असेल तर त्याचं सहीनिशी लिहून आण. आठ दिवस वाढवून देतो. नाहीतर पाच म्हणजे पाच.”

मग तिनं बालाजी वायरमनला फोन केला. लाईटच्या झटक्यानं असं होतं का, एवढंच तिला विचारायचं होतं. पण बालाजी फोनवर उत्तर देणारा माणूस नव्हता. पंचक्रोशीत तारेवर आकडा कोण टाकतं हे तो खांबावर न चढता सांगायचा. ज्याच्या घरात उन्हाळ्यातही माणसं दुपारी गाढ झोपतात त्याची मीटरची वायर बघावी, असं त्याचं शास्त्र होतं. दहा वाजता त्याची मोटारसायकल दारात आली.

“लाईट गेली तर काम अर्धं राहतं,” तो म्हणाला. “बारा दिवस मागं जात न्हाई. लाईटला तारीख कळत न्हाई, पोरी. हे मानसाचं काम हाये.”

“मशीनमधी नोंद असती,” कोमल म्हणाली. तिनं मशीनची नोंदवही पडद्यावर उघडून दाखवली. ‘१ जानेवारी, रात्री १२:५०: मशीन बारा ऑक्टोबरच्या खुणेवर परत नेली. १:१६: मशीन बंद केली.’

“एक जानेवारी?”

“ह्याच्या घड्याळाचा सेल गेलाय. लाईट गेली की हे परत एक जानेवारीवर येतं, रात्री बारावर. म्हनून मी आतलं घड्याळ ह्याला जोडलंच न्हाई. ह्याचा काही भरवसा न्हाई, काका.”

बालाजीनं खिशातली मळकी डायरी काढून दोन्ही वेळा लिहून घेतल्या. “खूण किती वाजता मारली व्हती?”

“सात दहाला.”

“अन् आज उघडली तवा आत सात छत्तीस. म्हंजे मागं नेल्यावर तो सव्वीस मिनिटं बसला हितं. नासधूस करनारा सव्वीस मिनिटं कशाला बसंल? आग लावली की पळतो मानूस.” त्यानं डायरी बंद केली. “मागं न्यायचं कोनाकोनाला ठावं हाये?”

“सगळ्यांनाच. मीच कौतुकानं सांगत सुटले. माय, सोमदादा, अण्णा, आजा. शिवहारला तर येतंच. पर मागं नेताना मशीन इचारती, आत्ताचं जपून ठेवू का? तिथली टिक काढली न्हाई तर डिस्क भरल्यामुळं काम अडतं. ते ठावं असनारा जानकारच पाहिजे.”

जाणकार म्हणजे शिवहार. त्याचा तोच कोर्स होता, आणि नोकरीची जागा एकच होती. पण कोमलच्या मनात दुसरंच रुतलं होतं. ते घड्याळ खोटं आहे हे माहीत असूनही रात्री बारा पन्नास हा आकडा तिला सोडेना. रात्री त्या खोलीत तिचा सख्खा भाऊ, सोमेश्वर, एकटा झोपायचा.

३

शिवहारचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान कनेरगाव नाक्यावर होतं. तो एक फोन उघडून बसला होता. बालाजीनं आडून काही विचारलं नाही.

“काल हिच्या वाडीत आलता तू?”

“व्हय, बारा वाजता. तिची नोट्सची वही माझ्याकडं व्हती. दाराला कडी, लाईट न्हाई, जळबा आजा बाजेवर निजलेला. वही खिडकीत ठेवून आलो.” शिवहारनं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. “का हो?”

कोमलनं सांगितलं. 

शिवहारनं उघडा फोन बाजूला सारला. “मला ती जागा पाहिजे, हे खोटं न्हाई,” तो म्हणाला. “पर मला तुझं मोडायचं असतं तर मी बाराच्या खुनेवर कशाला गेलो असतो? दोन तारखेच्या खुनेवर गेलो असतो. तिथं मशीन निस्ती कोरी हाये. न्हाईतर सगळी मशीनच पुसली असती. बारा तारखेला असं काय हाये?”

“काही न्हाई,” कोमल म्हणाली. “त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चालला, म्हनून खूण मारली, येवढंच.”

“दुपारी एकपासून मी दुकानात हाये. वर कॅमेरा हाये, बघून घ्या काका.”

बालाजीनं बघितलं. शिवहार खरं बोलत होता.

सोमेश्वर नाक्यावरच्या ढाब्यात कामाला होता; तो तव्यासमोर उभा होता. बहिणीला कामाच्या ठिकाणी बघून त्याचा चेहरा आधीच उतरला आणि हकिकत ऐकून चढला. “म्हंजे मी? माझ्यावर घेऊन राहिली तू?”

“रात्री तूच व्हता खोलीत.”

“रात्री मी मेल्यावानी निजतो. अन् आईक, तू जाऊ नये असं मला वाटतं, ते मी तोंडावर बोललो. तेरा तारखेला आज्याला लकवा झाला. त्याची वाचा गेली. तवापासून मेंढरं वाड्यात शिरत न्हाईत. रोज सांच्याला तासभर आमी तिघं हातापाया पडतो त्यांच्या. अण्णाची हाक त्यांना वळखू येत न्हाई. दोन मेंढ्या लांडग्यानं नेल्या. अण्णाच्या तोंडात घास जाईना झालाय, हे तुला दिसलं का? तू त्या डब्यात डोकं घालून बसली व्हती.” त्यानं भाकरी उलटली. “पर पोरीच्या अन्नात माती कालवनारा मी न्हाई. काल एक वाजता जेवायला गेलतो, दीडला निघालो. दोनपासून हितंच उभा हाये.”

परतताना कोमल मोटारसायकलवर मागं बसली होती. साडेबारा वाजून गेले होते. ज्या दोघांवर तिचा संशय होता ते दोघंही सुटत चालले होते आणि हातात अजून कोणाचीच सही नव्हती.

“आता कोन उरलं, काका?”

“घर उरलं,” बालाजी म्हणाला.

४

पार्वतीबाई, म्हणजे कोमलची माय, रोज रामजीच्या शेतात सोयाबीन काढायला जायची. आज लेकीचं तोंड बघून ती गेली नव्हती. बालाजीपुढं चहा ठेवून ती दाराशी टेकली.

“काल दिसभर मी शेतात व्हते, भाऊजी. धा बाया सोबत. पाचला आले. कोमलबी फॉर्म द्यायला हिंगोलीला गेलती, ती सातला आली अन् जेवून आडवी झाली.”

“घरात कोन व्हतं?”

“कोनी न्हाई. हे एकटे.” तिनं सासऱ्याच्या बाजेकडं बघितलं. “काल आले तवा ह्यांची उशी ओली चिंब व्हती. रडून रडून. मी इचारलं, काय दुखतं का, तर निस्ते बघत राहिले. आसं आजवर झालं न्हाई. दवाखान्यात तोंड वाकडं झालं तवाबी रडले न्हाईत.” ती पदरानं डोळे पुसत थांबली. “बाकी काल देवानं एक बरं केलं. मेंढरं एका हाकंत वाड्यात आली. कोमलच्या अण्णांनी आवाज दिला अन् आली. मी म्हनलं, चला, शिकली एकदाची.”

बालाजीचा चहाचा कप तोंडाशीच थांबला. मग त्यानं तो खाली ठेवला आणि जळबाच्या बाजेपाशी जाऊन उकिडवा बसला. एके काळी या म्हाताऱ्यानं टेकाडावरून हाक मारली की ओढ्यापलीकडची मेंढरं मान वर करायची. आता त्याच्या तोंडातून नुसती वाफ यायची. उजवा हात लाकडासारखा पडला होता. बालाजीनं त्याचा डावा हात हातात घेतला.

“आज्या, तुमी समदं आईकता, मला ठावं हाये. काल दुपारी घरात कोनी आलतं का? आलं आसंल तर हात दाबा.”

म्हाताऱ्यानं हात दाबला. कोमल बाजेजवळ सरकली.

“चोर व्हता?”

हात तसाच राहिला.

“घरचं मानूस?”

जळबानं हात दाबला आणि सोडलाच नाही. त्याचे ओठ गोल झाले. तो काहीतरी म्हणायचा प्रयत्न करत होता. “ओ… ओ…” एवढाच वारा बाहेर आला आणि डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडं गेलं. कोमलला ते बघवेना; ती मागं सरकली.

“बस आज्या, कळलं,” बालाजी हळूच म्हणाला.

त्याला काय कळलं ते कोमलला कळलं नाही. तिला एवढंच दिसलं, की बालाजीकाका कधी नव्हे ते घाबरल्यासारखे दिसत होते.

५

“तुझी ती नोंद परत दाव,” बालाजी म्हणाला. “अन् मला एक सांग. ह्या डब्याचं भिंतीवरचं बटन तू बंद करती का?”

“न्हाई. चालूच राहतं.”

“मंग आईक. तू म्हनती हे घड्याळ खोटं हाये. घड्याळ खोटं न्हाई. लाईट गेली की ते मरतं अन् लाईट आली की बारापासून चालाय लागतं. म्हंजे किती वाजले ते ते सांगत न्हाई, पर लाईट येऊन किती येळ झाला ते बराबर सांगतं.” त्यानं डायरीचं पान उघडून तिच्यापुढं धरलं. “काल तुमच्या वाडीची लाईट मीच बंद केली, दहा वाजता. तार तुटली व्हती. दोनच्या ठोक्याला चालू केली. त्यानंतर आजपोत गेली न्हाई.”

कोमलनं मनात हिशेब केला. बारा पन्नास म्हणजे रात्र नव्हतीच. लाईट येऊन पन्नास मिनिटं. दुपारचे दोन पन्नास. आणि एक सोळा म्हणजे तीन सोळा.

“शिवहार तवा दुकानात,” बालाजी म्हणाला. “सोमेश्वर ढाब्यावर. तीन वाजता त्याच्याच हातचा चहा मी पिलो. तुझी माय धा बायांत.”

“मंग कोनीच न्हाई उरत.”

“लाईट कुटं गेली ते हुडकायचं नसतं, पोरी. कुटवर हाये ते बघत जायचं, मंग तुटलेलं आपोआप घावतं. काय काय हाये आपल्याकडं? मानूस घरचा हाये. तूच सांगितलं, पडदा खाली वाकवलेला, माऊस खाली लोंबता. म्हंजे तो खुर्चीवर बसला न्हाई, भुईवर बसला. आवाज मोठा केलेला. मोडायला आलेल्याला आवाज कशाला लागतो? त्याला काहीतरी आईकायचं व्हतं. सव्वीस मिनिटं आईकायचं व्हतं. ते बारा तारखेला मशीनमधी व्हतं अन् नंतर न्हवतं. काय व्हतं?”

कोमलच्या ओठांवर ‘काही न्हाई’ आलं आणि तिथंच विरलं.

बारा ऑक्टोबरच्या संध्याकाळी तिनं आज्याला माईकसमोर बसवलं होतं. मशीनला आवाज ओळखायला शिकवायचं तर कोणाचा तरी आवाज हवा. आज्यानं एकेका मेंढीचं नाव घेतलं, आणि मग रंगात येऊन कळपाची हाक मारली, वाड्यावर मारायचा तशी, सगळं घर हसेपर्यंत. “ओऽऽ ह्यो, ओऽऽ ह्यो, हैऽ हैऽ.” दुसऱ्या दिवशी त्याची वाचा गेली. आणि दवाखान्यातून आल्यावर, डिस्कवर जागा नाही म्हणून, परीक्षेला नमुन्याचे आवाज चालत नाहीत म्हणून, कोमलनं ती फाईल पुसून टाकली होती. एका बोटानं. तिला त्यात काही वाटलं नव्हतं.

“आज्याची हाक,” ती म्हणाली. “मी पुसली.”

“काल नाक्याकडं जाताना, पावणेतीनला, तुमची मेंढरं ओढ्यावर दिसली मला,” बालाजी म्हणाला. “निस्तं कुत्रं व्हतं त्यांच्याजवळ. मी म्हनलं, सोनाजी कुटं गेला?”

सोनाजी म्हणजे कोमलचे अण्णा, तिचे वडील. चौथी शिकलेले. माऊसला विंचवासारखे लांब ठेवणारे. चार दिवसांपूर्वी ते तिच्या मागं उभे राहिले होते आणि विचारलं होतं, आज्याची हाक आहे का अजून. आणि तिनं पडद्यावरची नजर न काढता उत्तर दिलं होतं. काय उत्तर दिलं होतं ते तिला आता शब्दाशब्दानं आठवलं. ‘पुसली, अण्णा. बाराच्या खुनेवर गेलं तरच घावंल. आत्ताचं जपू का म्हनलं तर टिक काढायची, जागा न्हाई.’ पोराटोरांना वाटेला लावावं तसं बोलून तिनं त्यांना वाटेला लावलं होतं. काखेत कळसा होता आणि ती गावाला वळसा घालून आली होती.

६

सव्वातीनला ती दोघं ओढ्यावर पोचली. सोनाजी बाभळीखाली उभे होते. खांद्यावर घोंगडं, हातात साधा जुना मोबाईल. कळप पलीकडच्या काठावर पांगला होता. त्यांनी फोन डोक्यावर धरून बटण दाबलं.

“ओऽऽ ह्यो, ओऽऽ ह्यो, हैऽ हैऽ.”

आवाज फाटका होता. स्पीकरसमोर फोन धरून घेतलेला. पण साठ-सत्तर माना एकदम वर झाल्या. पुढची जुनी मेंढी वळली आणि तिच्यामागं सगळा कळप पाण्यातून खळबळत इकडं यायला लागला. सोनाजींच्या चेहऱ्यावर जे होतं ते कोमलनं गेल्या अकरा दिवसांत बघितलं नव्हतं. त्यांच्या बापानं वाढवलेला कळप त्यांच्या हातून जात नव्हता, एवढंच ते होतं.

कोमल झाडाआडच थांबली.

“चल,” बालाजी म्हणाला. “सही घे. पावणेदोन तास हायेत अजून.”

“काय लिहून घेऊ?” ती म्हणाली. “की मी माझ्या पोरीचं वाटोळं केलं, अन् खाली अण्णाची सही? त्यांना कळलं तर ते पुन्हा जेवनार न्हाईत. तुमाला गळ्याची आन हाये काका, सांगू नका. चोर घावला न्हाई.”

“अन् वारंग्याचं स्थळ?”

ती वळली आणि घराकडं चालायला लागली. मागून पुन्हा एकदा आज्याची हाक ऐकू आली. चोरी झालीच असेल तर ती आधी तिनं केली होती. बापानं फक्त आपला माल परत नेला होता.  दीड तासात बारा दिवसांचं काम होत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

तरी ती बसली. आठवेल तसं लिहीत गेली. चुका होत होत्या. पहिला भाग चालला, दुसरा चालेना. चार वाजून वीस झाले. ओसरीत बालाजी तोंडावर पट्टी बांधल्यासारखा बसला होता आणि माय देवापुढं काहीतरी पुटपुटत होती. मग बाहेर कळपाचा धुरळा आला, वाड्याचं फाटक वाजलं आणि सोनाजी दारात उभे राहिले.

“काय झालं?” त्यांनी विचारलं. “समदे असे काहून बसले?”

माय देवापुढून उठली.

त्यांनी लेकीच्या सुजलेल्या डोळ्यांकडं बघितलं, मग पडद्याकडं. मग अगदी साधेपणानं, एखादी राहिलेली गोष्ट आठवावी तसं ते म्हणाले, “मी काल मागं नेलती मशीन. आज्याची हाक घ्याया. बंद बराबर केली ना मी? तू करती तशीच केली.” मग त्यांचा आवाज बारीक झाला. “मागं नेली तशी फुडं आनता येती ना, बाई?”

आयुष्यभर ते मागं राहिलेल्या कोकरासाठी मागं जात आले होते आणि कोकरू घेऊन पुन्हा पुढं येत आले होते. मागं गेल्यावर पुढची वाटच पुसली जाते, असलं रान त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

कोमलला खोटं बोलायचं होतं. ‘येती, अण्णा’ एवढे दोनच शब्द होते. पण तिचं तोंड उघडलं आणि त्यातून हुंदका आला.

७

सोनाजी खाली बसले. बालाजीनं मग सगळं सांगितलं, सरांच्या अटीसकट. गळ्याची आण त्यानं मोडली आणि त्याबद्दल त्याला पुढंही कधी वाईट वाटलं नाही.

“कागद आना,” सोनाजी म्हणाले.

“अण्णा, नको.”

“कागद आन. सांगनार मी, लिहिनारबी मी.”

नोट्सच्या वहीचं मागचं पान फाडलं. सोनाजी पालथी मांडी घालून भुईवर वाकले. शेवटचं पान त्यांनी कधी लिहिलं होतं देव जाणे. एकेक अक्षर ते मेंढी कातरावी तसं जपून काढत होते. चार पस्तीस झाले, चार चाळीस झाले. माय घड्याळाकडं बघत होती आणि घाई करा म्हणायची कोणाची छाती नव्हती. चार पंचेचाळीसला त्यांनी पेन ठेवलं.

‘सरांस नमस्कार. मी सोनाजी जळबा, कोमलचा बाप. तिच्या मशीनीतले बारा दिवस मी नेले. मला माझ्या बापाची हाक पाहिजे होती. मागं नेलेलं फुडं येत नाही हे मला ठावं नव्हतं. पोरीचा कसूर नाही. तिचे दिवस तिला परत द्यावे.’

खाली सही. त्याखाली साक्षीदार म्हणून बालाजीनं सही केली. कोमलनं फोटो काढला, पण घरात रेंज नव्हती. ती पळत सुटली, ज्या टेकाडावर बसून मशीन उतरवली होती त्याच टेकाडावर. चार त्रेपन्नला फोटो गेला. चार अठ्ठावन्नपर्यंत काहीच आलं नाही. ती फोन दोन्ही हातांत धरून उभी होती आणि खाली अंगणात सगळी माणसं वर बघत होती.

पाचला दोन मिनिटं कमी असताना उत्तर आलं. ‘एक तारखेपर्यंत मुदत. वडिलांचा कागद मी जपून ठेवतो आहे.’

ती उतरून आली. सोनाजी अजून पेन हातात धरून बसले होते.

“आठ दिले, अण्णा.”

“मी बारा नेले. आठच दिले?” त्यांचा चेहरा पुन्हा पडला. “मंग राहिलेले चार?”

कोमल त्यांच्याजवळ भुईवर बसली.  ओसरीतून बाजेची कुरकूर ऐकू आली. आजा जागा होता, ऐकत होता.

“ते चार तुमच्याकडंच राहू द्या,” ती म्हणाली. “त्यात आज्या बोलतो.”

मग तिनं संगणक पुढं ओढला आणि परीक्षेच्या कामाला हात लावायच्या आधी ती हाक तीन जागी जपून ठेवली.